अर्थ

साल्विना गाडी घेऊन आली तेव्हा श्लॉक वाहत होता,
आफ्रिकेकडून समुद्रावरून येणारा तो चिकट वारा,
ज्यात पितळ हिरवं पडतं आणि माणसं चिडकी होतात.
अठ्ठावन्नची मॉरिस मायनर, राखाडी,
नेनू गेल्यापासून चौदा महिने चादरीखाली होती.
म्हणाली, "वीस्तिन, ब्रेक दाबला की
डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. अगदी मंद.
दिव्यांचं बटण बंद असतं तरी.
शेजारची जुझा म्हणते, नेनूच आहे तो.
सांता कातरिनाला मेणबत्ती लाव म्हणते."

म्हटलं, मेणबत्ती राहू दे,
कपाटावरचा टेस्ट लॅम्प दे इकडे.

चाळीस वर्षं गोदीत
जहाजांच्या पोटात शिरून वायरी ओढल्या मी.
वीज खोटं बोलत नाही.
सरळ बोलते असंही नाही.
तिला घरी जायचं असतं, बस्स.
पुढचं दार बंद दिसलं तर परसातून जाईल,
भलत्याच्या माजघरातून,
झोपलेल्यांना उठवत.

त्यात या जुन्या इंग्रजी गाड्यांचं सगळं उलटं.
पॉझिटिव्ह बांधलेला असतो गाडीच्या अंगाला,
पत्रा हीच अर्धी वायर.
दहांतल्या नऊ गाड्यांचं रडगाणं एकच,
अर्थ लागत नाही.

फ्यूज पाहिले. दोनच असतात. ठीक होते.
वायरींवरचं सुती वेष्टण
एके काळी हिरवं, लाल, तपकिरी,
आता सगळंच पावाच्या कडेच्या रंगाचं.
डोळ्यांचा उपयोग नव्हता. बोटांनी चाचपत गेलो
दाराच्या कडेने, सतरंजीखालून, डिकीपर्यंत.

"दाबून धर," मी मागून ओरडलो.
"धरलाय."
उजवा दिवा लालभडक.
डावा, बोलावं की नाही अशा विचारात.
एक उघडी तार घेतली,
एक टोक डाव्या दिव्याच्या बुडाला,
दुसरं डिकीच्या बिजागरीला, जिथे पत्रा घासून उघडा पडलेला.
दिवा दचकून पेटला.
आणि पुढून तिचा आवाज,
"विझला! इथला विझला!"

बोल्ट काढला. खाली रंग.
त्याखाली रंग. त्याखाली आणखी रंग,
मन लावून दिलेला,
ब्रशचा एक केससुद्धा अडकलेला त्यात.
गंज चढू नये म्हणून नेनू दर ईस्टरला
दिवे उतरवून रंग द्यायचा,
बोल्ट बसतो त्या जागेलाही सोडायचा नाही.

साल्विना वाकून बघत होती.
"म्हणजे रंगामुळे?"
"रंगामुळे."
"सव्वीस वर्षं मला म्हणायचा,
तू ब्रेक फार जोरात दाबतेस,
म्हणून लागतो तो दिवा."
ती हसली. मग हसू थांबेना तिला,
बंपरवर टेकली, नाक पुसलं,
परत हसली. मी काचकागद शोधत राहिलो,
खिशात होता तरी.

पत्रा चकाकेपर्यंत घासला. वर व्हॅसलिनचं बोट.
पैसे नको म्हटलं तर रागावली,
दुसऱ्या दिवशी मिठातल्या केपर्सची बरणी ठेवून गेली दारात.

ब्रेकचा दिवा एकट्याला तपासता येत नाही.
एक आत पाय दाबून,
एक मागे उभा.
लागला का? लागला.
त्यांच्यात मागे ती उभी असायची,
थंडीत, कोटाच्या खिशात हात घालून.

रविवारी संध्याकाळी खिडकीतून पाहिलं,
ती गाडी मागे घेत होती, इंच इंच,
चर्चच्या पिवळ्या भिंतीपर्यंत.
थांबली. सीटवरून मान वळवली.
चुनखडीच्या दगडावर दोन लाल डाग,
दोन्ही सारखे.
पाय उचलला, गेले.
पुन्हा दाबला.
जोरात दाबला असावा.